कोल्हापुरात नवीन आलाय? मग वर्षभर कुठल्या बागेत, कुठल्या तळ्यावर, कधी जायचं ते सांगतो

मी मूळचा बार्शीकडचा. नोकरीसाठी कोल्हापुरात आलो तेव्हा जून चालू होता, आणि आमच्याकडं पाऊस म्हणजे आभाळाकडं बघत बसायची गोष्ट, इथं मात्र जो लागला तो थांबायचं नावच घेईना. पहिले दोन महिने मी ऑफिस आणि खोली एवढंच केलं. म्हटलं पाऊस उघडला की फिरू, बागा बघू. घरमालक काका रोज संध्याकाळी छत्री घेऊन रंकाळ्याला जायचे, एक दिवस जिन्यातच मला म्हणाले, "अरे पाऊस थांबायची वाट बघत बसलास तर दसरा उजाडेल की, चल उठ." त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो ते आज नऊ वर्षं झाली, जातोयच.

तेव्हापासून एकच गोष्ट कळत गेलीय आणि तीच नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगतो. इथं आधी जागा ठरवून मग कधी जायचं ते बघायचं नाही, आधी पाऊसपाणी, महिना आणि घड्याळ बघायचं, जागा त्यावरून ठरते. मे महिन्यात दुपारी रंकाळ्यावर गेलात तर डोकं तापून परत याल आणि म्हणाल काय एवढं कौतुक. तोच रंकाळा जुलैत बघा.

पहिली पायरी : घराजवळची एक जागा आपली करा

यादी करून सगळ्या बागा एका रविवारी बघायच्या भानगडीत पडू नका. चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल अशी एक जागा धरा आणि तिथं निदान महिनाभर आठवड्यातून चारदा तरी जा. लांबची जागा कितीही भारी असली तरी रोज जाणं होत नाही, आणि रोज गेल्याशिवाय झाड कधी फुललं, पाणी किती चढलं हे डोळ्यात भरत नाही.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, संभाजीनगर, फुलेवाडी या बाजूला राहत असाल तर विचार करायलाच नको, रंकाळा. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, कलेक्टर ऑफिसच्या आसपास असाल तर महावीर गार्डन. सीपीआर दवाखान्याजवळ, भाऊसिंगजी रोडला, जुन्या बुधवार पेठेत असाल तर टाऊन हॉलची बाग. बागल चौकाकडून जयंती नाल्याच्या अंगाला हुतात्मा पार्क पडतो. राजारामपुरी, सायबर चौक, शाहूनगर इकडचे लोक शिवाजी विद्यापीठाच्या कॅम्पसकडं वळतात. टेंबलाईवाडी, उचगावकडच्यांना टेंबलाईची टेकडी, आणि पाचगाव, कळंब्याकडं खोली घेतली असेल तर कळंबा तलाव.

यातल्या तीन जागांबद्दल जरा सविस्तर सांगतो, बाकीच्या तुम्ही जाऊन बघालच.

रंकाळा म्हणजे नुसतं तळं नाही, शहराचं अंगण आहे. मुळात इथं दगडाची खाण होती असं सांगतात, रंकभैरवावरून नाव पडलं असंही सांगतात. काठावर शालिनी पॅलेस आहे, १९३१ ते ३४ या काळात बांधलेला, आणि शिवाजी पेठेच्या बाजूला पाण्यात एक दगडी मंडप दिसतो तो संध्यामठ. हा संध्यामठ नीट बघून ठेवा, पुढं कामाला येणार आहे. तळ्याला पूर्ण चक्कर मारायची तर निवांत चालत तासभर धरा. चौपाटीच्या बाजूला भेळ, कणीस, पाळणे, पोरांची गर्दी. शांतपणा पाहिजे असेल तर चौपाटी सोडून पलीकडच्या काठानं चाला.

टाऊन हॉल बागेबद्दल मला जरा जास्तच माया आहे. इमारत १८७२ ते ७६ मधली, गॉथिक धाटणीची, चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आराखडा केलेली, आत आता म्युझियम आहे आणि इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं ठेवल्यात. पण मी सांगतोय ते बाहेरच्या झाडांबद्दल. शहराच्या अगदी मधोमध, समोर दवाखान्याची धावपळ, रिक्षांचे हॉर्न, आणि आत पाऊल टाकलं की सावलीच सावली. सीपीआरमध्ये पेशंट असलेले नातेवाईक दुपारी तिथं डबा खातात, थोडा वेळ पडतात. माझा एक मित्र आठ दिवस दवाखान्यात होता तेव्हा मीही तिथंच दुपारी बसायचो, एका जुन्या झाडाच्या बुंध्याला टेकून, आणि बागेचा उपयोग काय असतो हे मला त्या आठ दिवसांत जेवढं कळलं तेवढं एरवी कधी कळलं नव्हतं.

विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा. स्थापना १९६२ची, म्हणजे तिथली बरीच झाडं लावून वाढवलेली आहेत, त्याआधी हा सगळा माळ होता. सागरमाळ हे नाव तेच सांगतं. आत पावसाचं पाणी साठवायला तळी केलीत, वनस्पतिशास्त्र विभागाची बोटॅनिकल गार्डन आहे, आणि कंदीलपुष्पासारख्या सह्याद्रीतल्या दुर्मिळ वनस्पती जपायचं चांगलं काम इथं झालंय. मोर दिसतो, मोराचा आवाज तर हमखास. एक लक्षात ठेवा, हा पब्लिक पार्क नाही, शिकायची जागा आहे. गेटवर विचारून आत जायचं, जवळ ओळखपत्र ठेवायचं, परीक्षा चालू असतील तर मोठ्यानं गप्पा मारत फिरायचं नाही, आणि बोटॅनिकल गार्डन बघायची तर विभागाची परवानगी घ्यायची.

दुसरी पायरी : वेळ धरा

साधं आहे पण लोक चुकतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे त्यामुळं मे महिन्यातही पहाटे बरं वाटतं, सकाळी सहा ते आठ हा वेळ वर्षभर चालतो. संध्याकाळचं मात्र महिन्यागणिक बदलतं. जूनमध्ये सूर्य सातनंतर बुडतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारासच, म्हणजे ऑफिस सुटून सव्वासहाला निघालात तर जूनमध्ये तुम्हाला अख्खा सूर्यास्त मिळतो आणि डिसेंबरात फक्त दिवे.

आणि सूर्य नेमका कुठं बुडतोय तेही बघायला शिका, फुकटची मजा आहे. रंकाळ्याच्या पूर्वेच्या काठावर पश्चिमेकडं तोंड करून उभं राहायचं, जूनमध्ये तो उजवीकडं सरकलेला असतो आणि डिसेंबरात पार डावीकडं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ऐकला असेल, नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातं. सूर्य दक्षिणेकडं जाताना एकदा आणि डिसेंबरातून परत फिरताना एकदा त्याच जागी येतो म्हणून वर्षातून दोनदा. मी तर रंकाळ्यावरून चालताना त्या तारखांनाच थंडी आली आणि थंडी सरली असं धरतो.

तिसरी पायरी : पावसाळा चुकवू नका, पावसाळाच बघायचाय

इथला पाऊस समजून घ्यायचा तर शेतकऱ्याची नक्षत्रं कामाला येतात. ७-८ जूनच्या आसपास मृग लागतं, तेव्हा पाऊस येतो-जातो, मातीचा वास, पाखरांची गडबड, चालायला एकदम भारी दिवस. मग आर्द्रा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस आणि विशीच्या आसपास पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस. तरण्या-म्हाताऱ्याच्या या महिनाभरात सूर्य दिसला तर बातमी. रिपरिप चालूच, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, आणि नवीन माणसाचं मन इथंच खचतं. म्हणून सांगतो, नेमक्या याच दिवसांत रोज बाहेर पडा.

तयारी काय लागते? चांगला रेनकोट, कारण वाऱ्यात छत्री उलटी होते. रबरी पकड असलेली पावसाळी चप्पल किंवा सँडल, बूट अजिबात नको, एकदा भिजले की चार दिवस वाळत नाहीत. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी. घरी आलं की पाय कोरडे करून बोटांच्या मधे पावडर, नाहीतर चिखल्या होतात. बस.

आता संध्यामठ. उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरतं तेव्हा तो बराचसा उघडा असतो, पाऊस सुरू झाला की पाणी हळूहळू चढत जातं आणि जोराच्या पावसात बुडून जातो. रोज एकाच जागेवरून फोटो काढा. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे फोटो एकापाठोपाठ लावून बघितले की शहराचा अख्खा पावसाळा डोळ्यासमोर उभा राहतो. माझ्याकडं नऊ पावसाळ्यांचे आहेत आणि २०१९ आणि २०२१चे फोटो बघताना अजूनही पोटात गोळा येतो.

कारण नदी. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त समजली जाणारी सरस्वती, यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून नदी शहराला वळसा घालून जाते. घाटावरची देवळं पाण्यात जाणं हे इथं दरवर्षीचं आहे, लोक शिवाजी पुलाजवळ पाणी बघायला येतात, तुम्हीही जा, पण एक आकडा पाठ करून जा. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात, ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हाच असतो, "किती फूट झालंय?" २०१९ला आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा ३९च्या जवळ आकडा गेला की घाट, नदीकाठ आणि नाल्याकडेच्या बागा बंद समजायच्या, फिरायला टेंबलाई किंवा विद्यापीठासारख्या उंचावरच्या जागी जायचं. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, वरून ओली दिसणारी पायरी आणि शेवाळलेली पायरी यातला फरक नवीन माणसाला कळत नाही. मी पहिल्याच वर्षी तिथं पडलोय, मनगटाला प्लास्टर होतं महिनाभर, एका आजींनी पदर खोचून हात दिला नसता तर अजून खाली गेलो असतो. म्हणून पाणी घाटाच्या वरच्या रस्त्यावरूनच बघा.

याच दिवसांत आषाढात टेंबलाईची यात्रा असते. मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतून लोक नदीला आलेलं नवं पाणी कलशात भरून, पिपाणी-ढोलाच्या "पी ढबाक" आवाजात वाजतगाजत टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायरीवर घालतात. पावसाळा साजरा करायची याच्यापेक्षा सुंदर रीत मी कुठं बघितली नाही. पाऊस असू दे नाहीतर चिखल, त्यांच्या मागून चालत टेकडी चढा, वर गेल्यावर भिजलेलं अख्खं शहर खाली दिसतं.

कळंबा तलाव भरला की त्याची बातमी होते, सांडव्यावरून पाणी पडायला लागतं आणि पोरं तिथं उड्या मारायला जातात. तुम्ही जाऊ नका. पाणी दिसायला घोट्याएवढं असतं पण ओढ फार असते. बांधावरून बघायचं, गार वारा खायचा, भाजलेलं कणीस खायचं.

ऑगस्ट संपत आला की पाऊस विश्रांती घेत घेत पडतो. ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, गवत कमरेएवढं झालेलं असतं. आता इथून पुढं दोन महिने वाट सोडून गवतात शिरायचं नाही, नाग-घोणस असतात, आणि चप्पल घालून अंधारात तर मुळीच नाही, टॉर्च लावा. डासांचं मलमही याच दिवसांत जवळ ठेवा.

अनंत चतुर्दशीच्या आसपास रंकाळ्याशेजारच्या इराणी खणीत गणपती विसर्जन असतं, त्या दोन दिवसांत तिकडं चालायचा विचार सोडा, मिरवणूक बघायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

चौथी पायरी : दसरा ते होळी, हे फिरायचे खरे दिवस

ऑक्टोबरचे दोन-तीन आठवडे उकाडा होतो, तो ढकलायचा. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते आणि कोहळा फोडायचा विधी होतो, तेव्हा टेकडीवर उभं राहायला जागा नसते. पण एरवी संध्याकाळी टेंबलाईवर चांगला वारा असतो.

याच सुमाराला बुचाची झाडं फुलतात. उंच सरळ झाड, पांढरी लांब दांड्याची फुलं, पहाटे रस्त्यावर सडा पडलेला असतो. ती वेचून आणायची, वाटीत पाणी घालून ठेवायची, खोलीभर वास. लहानपणी बऱ्याच जणांनी याच्या देठांची वेणी गुंफलेली असते, शेजारच्या काकूंना विचारा, दोन मिनिटांत शिकवतील.

दिवाळी झाली की थंडी. पाडव्याला म्हशी सजवून पळवतात ते बघायला विसरू नका, आणि त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, हजारो पणत्या, नदीवर धुकं, घाट उजळलेला. चार वाजता उठा, साडेचारपर्यंत पोचा, स्वेटर घाला. गाडी लांब लावून चालत या.

डिसेंबर-जानेवारी पक्ष्यांसाठी. दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी चालतं. रंकाळ्यावर आणि कळंब्यावर खंड्या, पाणकावळा, बगळे, वारकरी, टिबुकली हे सहज दिसतात, काठाच्या गवतात जांभळी पाणकोंबडी फिरत असते, लाल चोच आणि निळा-जांभळा रंग, एकदा बघितली की विसरत नाही. शेपटी खालीवर हलवत चालणारा छोटा पक्षी दिसला तर तो धोबी, तो बहुतेक थंडीपुरता पाहुणा असतो. विद्यापीठाच्या मागं राजाराम तलाव आहे, तिथं गर्दी कमी, मला पक्षी बघायला तो जास्त आवडतो. काठावर एका जागी वीस मिनिटं गप्प बसायचं, चालत राहिलात तर पक्षी पुढं पुढं सरकत जातात. आणि रंकाळ्यात केंदाळ म्हणजे जलपर्णी वाढलेलं दिसलं तर ते हिरवंगार बघून खूश होऊ नका, ते सांडपाण्यावर पोसलेलं असतं, त्यानं पाणी गुदमरतं.

थंडीतच आजूबाजूला गुऱ्हाळं चालू असतात. बावड्याच्या बाजूला किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याला सकाळी सायकलवरून जायचं, काहिलीची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईची वाफ, रसाचा वास, ताजा गूळ हातावर घेऊन खायचा. मालकाला विचारून आत जायचं आणि काहिलीपासून लांब उभं राहायचं, मुलं बरोबर असतील तर हात धरूनच.

पाचवी पायरी : उन्हाळ्यात वर बघत चाला

बरेच लोक मार्चपासून बागेत जायचं बंद करतात. चुकतात, कारण झाडं फुलतात ती याच दिवसांत. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस, पांगारा. पळस बघायचा तर शहर सोडून जोतिबाच्या डोंगराकडं, माळावर. एप्रिलमध्ये बहावा, पिवळ्याधमक झुंबरांसारखा, त्याच्याच आगंमागं ताम्हण, जांभळा, आपलं राज्यफूल. मग मे महिन्यात गुलमोहर. विद्यापीठात आणि ताराबाई पार्कच्या जुन्या गल्ल्यांत सकाळी सातला फिरलात तर हे सगळं एका तासात होतं. एक कागद घ्या आणि आपल्या वाटेवरची फुलणारी झाडं तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वर्षी ती तुमची स्वतःची दिनदर्शिका.

दुपारी बाहेर पडायची वेळ आलीच तर टाऊन हॉल. पर्जन्यवृक्ष ओळखायला शिका, छत्रीसारखा पसरलेला, संध्याकाळी आणि आभाळ आलं की त्याची पानं मिटतात. पाण्याची बाटली आणि टोपी एवढं जवळ असू द्या.

आता वळीव. एप्रिल-मे मध्ये दुपारी चारच्या पुढं अचानक आभाळ काळं होतं, धूळ उडते, आणि दहा मिनिटांत जोराचा वारा, विजा, कधी गारा. कोल्हापूरकर वळवावर फार प्रेम करतात आणि मीही करतो, पण झाडाखाली उभं राहून नाही. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या फांद्या ठिसूळ, काडकन मोडतात. माझ्या डोळ्यासमोर लावलेल्या मोटरसायकलवर फांदी पडलेली आहे, माणूस पाच मिनिटं आधी उतरून गेला होता. वारा सुटला की लगेच पक्क्या छताखाली जा, विजा चमकत असतील तर तळ्याच्या काठावरून पण बाजूला व्हा, मोकळ्या माळावर थांबू नका. पाऊस थांबला की परत या, ती अर्धा तासाची हवा सोडायची नाही.

सहावी पायरी : शहर कळलं की बाहेर पडा

हे पहिल्या महिन्यात करू नका, आधी आपली जागा पक्की होऊ द्या. मग पन्हाळा, साधारण २० किलोमीटर. नवीन लोक तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना बघून दोन तासांत परत येतात, तुम्ही तबक उद्यानात जा, तिथली दाट झाडी बघा, पुसाटी बुरुजाकडं चालत जा. जुलैत धुक्यात पन्हाळा वेगळाच असतो, १६६० साली याच महिन्यात शिवाजी महाराज वेढ्यातून विशाळगडाकडं निसटले, त्या वाटेवरून दरवर्षी शेकडो लोक पावसात चालतात. त्याच वाटेवर मसाई पठार लागतं. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात तिथं तेरडा, सीतेची आसवं, गेंद, सोनकी फुलते. फुलं बोटभर उंचीची असतात म्हणून पायवाट सोडायची नाही, गाडी पठारावर चढवायची नाही, फोटोसाठी फुलांत झोपायचं तर नाहीच नाही. हे बघवत नाही मला.

जोतिबाला चैत्र यात्रेत लाखो लोक आणि गुलाल, तो अनुभव वेगळा, शांत चालायला जायचं तर इतर दिवशी पहाटे जा.

उन्हाळ्याच्या शेवटी, मे अखेर ते जूनच्या सुरवातीला, राधानगरीच्या जंगलात काजवे. अंतर पन्नासेक किलोमीटर, मुक्काम ठरवूनच जायचं. हेडलाईट, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश सगळं बंद, काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे त्यांचं एकमेकांना बोलावणं असतं, आपल्या उजेडात ते हरवतं. राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध, दाजीपूरच्या बाजूची जंगलसफारी पावसाळ्यात बंद असते, थंडीत जा. गवा शांत दिसतो पण जवळ जायचं नाही. शहराच्या हद्दीतही गवा आल्याच्या घटना मागं घडल्यात, अशा वेळी बघायला गर्दी केली की तो बिथरतो आणि माणसाच्या जिवावर बेततं. वनखात्याला कळवायचं आणि घरात बसायचं.

सातवी पायरी : घरच्यांना कधी बोलवायचं

गावाकडचे आईवडील येणार असतील तर महिना त्यांच्या तब्येतीवरून ठरवा. गुडघे दुखतात त्यांना डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं ऊन आल्यावर महावीर गार्डन, सपाट आहे, बसायला बाकडी आहेत. दमा असेल तर पुष्य नक्षत्रातल्या ओलीत बोलवू नका. लहान मुलं असतील तर रंकाळ्याजवळचं पद्माराजे उद्यान किंवा हुतात्मा पार्क, खेळ झाला की चौपाटीवर भेळ, आठच्या आत घरी. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, केएमटी म्हणजे शहर बस किंवा रिक्षानं या.

आणि दुष्काळी भागातले असाल तर आईला जुलैत आणा, थोडी दगदग झाली तरी. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा रंकाळा काठोकाठ होता, संध्यामठाचा नुसता माथा दिसत होता. आम्ही छत्री धरून पदपथ उद्यानाच्या बाजूला उभे होतो. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनं विचारलं, "हे सगळं पाणी उन्हाळ्यापर्यंत राहतंय का रं?" आता ती दरवर्षी आखाडात आठ दिवस येते, पहिल्याच संध्याकाळी रिक्षा करून रंकाळ्यावर जातो, आणि गेल्या वर्षीचा फोटो मोबाईलवर काढून मठ किती बुडालाय ते तीच जुळवून बघते.